भिंतीवरची फटफटी

तातू मिस्त्री दारात येऊन करवंट्या मागू लागले, की समजायचं, आज कुठली तरी फटफटी पुरती उघडायची आहे. आमच्याकडे नारळ रोजचा. करवंट्या मी चुलीसाठी मोरीजवळ रचून ठेवायची. मिस्त्री त्यातल्या सात-आठ निवडायचे, फडक्यानं पुसायचे आणि चाळीच्या फाटकाजवळ त्यांची पत्र्याची शेड होती, तिच्यापुढे गोणपाटावर ओळीनं मांडायचे. एकीत पुढच्या चाकाचे नट, दुसरीत इंजिनाचे, तिसरीत हँडलखालचे छर्रे. कशातलं काय कुठं जातं हे त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही आणि ते कधी चुकलेही नाहीत. काम झालं की करवंट्या परत यायच्या. त्यांना ग्रीस लागलेलं असायचं. चुलीत घातल्या की भडकन पेटायच्या.

मी चौथीपर्यंत शिकले. चार माणसांत मला बोलता येत नाही, पहिल्यापासूनच नाही. मिस्त्रींची एक गोष्ट तीन माणसांना ठाऊक होती. मिस्त्री गेल्याचं गावाहून कळलं त्याला बरीच वर्षं झाली. समोर खानावळ चालवणाऱ्या अनसूयाबाई मागच्या वर्षी गेल्या. उरले मी. म्हणून या वहीत लिहून ठेवते. कुणी वाचावं म्हणून नाही.

आमची चाळ लालबागची. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मिस्त्री कुडाळकडचे. बायको आणि दोन मुली गावाला. इथं ते शेडमध्येच राहायचे, एका स्टोव्हवर भात आणि माशाची आमटी करून घ्यायचे. अंगानं बारीक, खाकी अर्धी चड्डी, डोळे नेहमी थोडे बारीक केलेले. जेवायच्या आधी माझ्याकडून चुलीतली राख मागून न्यायचे आणि कोपरापर्यंत हात घासायचे. हात स्वच्छ व्हायचे, पण नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. ते त्या कडांकडे बघत जेवायचे.

त्यांच्या खिशात एक छोटा पाना असायचा. त्यानं त्यांनी कधी नट आवळलेला मी पाहिला नाही. तो फक्त वाजवायचा पाना. फटफटीची फ्रेम, म्हणजे ज्या नळ्यांच्या सांगाड्यावर बाकी सगळं बसवलेलं असतं ती, सुटी केली की दोरीनं टांगायची आणि त्या पान्यानं एकेका नळीवर हलकेच वाजवायचं. मग कोंबडी वाकडी मान करून बघते ना, तशी मान वाकडी करून ऐकायचं. पण ही तपासणी फक्त दुपारी दोन-अडीचला. पहिल्या पाळीची माणसं अजून गिरणीत, रात्रपाळीची झोपलेली, नळ गेलेले, बायकांची भांडी आटोपलेली. चाळ तेवढाच वेळ गप्प असायची. ती वेळ गेली तर मिस्त्री दुसऱ्या दिवसाची दुपार येईपर्यंत थांबायचे, गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी.

खानावळीत जेवायला येणारी माणसं चेष्टा करायची. "काय मिस्त्री, काय म्हणते? पोटात दुखतंय का तिच्या?"

मिस्त्री म्हणायचे, "लोखंडाक तोंड आसता. पण ता आपणान बोलणा नाय. इचारूचा लागता."

एकदा दादरचे एक डॉक्टर आले. त्यांची फटफटी बैलगाडीला धडकून पुढून वाकली होती. त्यांचं म्हणणं, नळी तापवून, ठोकून सरळ करा, आठवड्याचं काम दोन दिवसांत होईल. मिस्त्री नळी वाजवत होते आणि डॉक्टर मागून बोलत होते. मिस्त्रींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"गप रवा डॉक्टर. मी तुमच्याशी नाय, हिच्याशी बोलतंय."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण डॉक्टर हसले. म्हणाले, "अहो, मीही छातीवर बोटं वाजवून असंच ऐकतो. पेशंटचे नातेवाईक बोलायला लागले की मीही असाच ओरडतो." मग ते गप्प उभे राहिले. मिस्त्रींनी त्यांना शेवटी एवढंच सांगितलं, "वाकलेला लोखंड सरळ करूक येता. पण ता इसरणा नाय. फ्रेम बदलूक व्हयी." डॉक्टरांनी ऐकलं. मिस्त्रींचा हा नियम होता. वाकलेली फ्रेम सरळ करायची नाही, बदलायची.

मी उन्हाळ्यात एक मडकं घेतलं होतं. चांगलं लालबुंद, घाटदार. मिस्त्री करवंट्या न्यायला आले, जाता जाता त्यांनी त्यावर नखानं टकटक केलं आणि म्हणाले, "वयनी, ही मडकी परत दिया. फुटकी आसा." मला कुठं काही दिसेना. पाणी भरलं तर सकाळपर्यंत निम्मं गळून गेलेलं. तेव्हापासून मी मडकं वाजवून घेते. चांगल्याचा आवाज घुमतो. चिरेचं मडकं बद्द वाजतं.

मला त्यांनी कामाला लावलं ते दोऱ्यासाठी. लग्नाआधी मी दीड वर्ष गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायला, होते. मी खिडकीत गजरे ओवताना दोरा ओढून धरते ते त्यांनी पाहिलं असावं. एक दिवस खिडकीशी येऊन म्हणाले, "वयनी, दोरो धरशात काय जरा? पोरांचे हात थरथरतत." फटफटी जोडून झाली की मागच्या चाकाला दोरा बांधायचा आणि चाकाच्या दोन्ही अंगांनी पुढच्या चाकापर्यंत ताणून आणायचा. पुढचं चाक दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मध्ये आलं तर फ्रेम सरळ. मी पुढं बसून दोन्ही टोकं धरायची आणि ते मागं पोटावर झोपून एक डोळा मिटून बघायचे. बोलायचं काहीच नसे. म्हणूनच मला ते काम आवडायचं. आमचे हे पाळीवरून आले की म्हणायचे, "काय, फटफटीची नोकरी झाली का?"

अनसूयाबाईंची खोली आमच्या समोर, अंगणापलीकडे, जिन्याला लागून. साताऱ्याकडच्या. नवरा गिरणीत अपघातानं वारला, तेव्हापासून खानावळ चालवून दोन मुलगे वाढवलेले. थोरला अनंत, धाकटा महादेव. महादेव गिरणीला लागला. अनंतनं लष्कराच्या लिलावातली एक जुनी फटफटी मिळवली आणि तो चळवळीच्या कामात पडला. गिरगावात पत्रकं छापून व्हायची, ती परळ-लालबागला आणायची, इकडचे निरोप तिकडे न्यायचे. गाड्या बंद असल्या, रस्त्यात दगड पडलेले असले तरी अनंत जायचा. अनसूयाबाईंना ती फटफटी डोळ्यांसमोर नको असायची. दोघांची रोज बोलाचाली व्हायची. आवाज अंगणभर.

एका सकाळी करी रोडच्या पुलाच्या उतारावर अनंत हातगाडीला धडकला. त्याला खरचटलं, पण फटफटीची फ्रेम हँडलच्या खाली वाकली आणि नळीला तडा गेला. मिस्त्रींनी बघितलं आणि नेहमीचंच सांगितलं. बदलूक व्हयी.

"कुठून आणू मामा?" अनंत म्हणाला. "सगळा बाजार बंद आहे. कुर्ल्याचे भंगारवाले चार दिवस दुकान उघडत नाहीत. आणि परवा मोर्चा आहे."

"मगे थांब चार दिवस."

"मोर्चा थांबेल का माझ्यासाठी? तातूमामा, आठ दिवसांची तर गोष्ट आहे. सरळ करा, सांधा भरा आणि द्या. नंतर बदलू की. मी काय पळून जातोय?"

मिस्त्री नाही म्हणाले. मग संध्याकाळी चळवळीतली चार माणसं आली आणि त्यांनी सांगितलं. मग खानावळीतली सगळीच म्हणू लागली. मिस्त्री कधी मोर्चाला गेले नव्हते, कधी घोषणा दिली नव्हती. मोर्चा दारावरून गेला की हातातलं काम थांबवून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, मान देतात. मला म्हणाले होते, आवाजात काम होत नाही म्हणून थांबतो. आता कुणी तरी बोललं, "सगळा लालबाग रस्त्यावर आहे आणि मिस्त्रींना नियम सुचतायत." ते त्यांना लागलं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी नळी तापवली, सरळ केली आणि पितळ भरून सांधा जोडला.

दुपारी दोन वाजता त्यांनी मला दोऱ्यासाठी बोलावलं. पण त्या दिवशी चाळ गप्प नव्हती. हरताळामुळं सगळी माणसं घरी. अंगणात तीस-चाळीस जण जमलेले, कुणी झेंडे बांधतंय, कुणी घोषणांची उजळणी करतंय. मी पदर ओढून, खाली मान घालून दोरा धरला. सहा-सात पुरुष अगदी माझ्या डोक्याशी उभे होते. टाकीच्या खाली, सांध्यापासून बोटभर अंतरावर, काळ्या रंगात मला एक बारीक रेघ दिसली. केसाएवढी. मला वाटलं, केसच असेल. हात लावून बघावंसं वाटलं. पण हात काढला असता तर दोरा सुटला असता, आणि सगळ्यांनी बघितलं असतं.

मिस्त्रींनी मागून विचारलं, "दोरो?"

"सरळ आहे," मी म्हणाले. दोरा सरळच होता.

मी उठून दारात आले. मग मिस्त्रींनी पाना काढला. सांध्याच्या नळीवर वाजवला आणि मान वाकडी केली. मागे घोषणा चालू. पुन्हा वाजवला. पुन्हा घोषणा. तेव्हा मिस्त्रींनी उजवा हात वर केला, पाना हातातच. गप्प बसा म्हणून.

पण बघणाऱ्यांना काय वाटलं? ज्या माणसानं कधी तोंडातून शब्द काढला नाही, तो आज हात वर करून घोषणा देतोय. सगळं अंगण उसळलं. "तातू मिस्त्रीसुद्धा आले रे!" कुणी तरी ओरडलं, आणि "झालाच पाहिजे"चा असा आवाज उठला की माझ्या फळीवरची भांडी वाजली. दोघा-चौघांनी मिस्त्रींच्या पाठीवर थापा मारल्या. अनंतनं त्यांना मिठी मारली. मिस्त्री मधोमध उभे, हात तसाच वर. आणि मग ते हसले. लाजल्यासारखे हसले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं मिठीत घेतलं नव्हतं. हात खाली आला आणि पाना खिशात गेला.

मोर्चाच्या दिवशी सकाळी अनसूयाबाईंचा आवाज अंगणात आला, मग अनंतची फटफटी फाटकातून गेली. दुपारी बातमी आली ती गिरगावातून चालत आलेल्या माणसांबरोबर. फणसवाडीच्या पुढं रस्त्यावर अनंत पडला. डोकं फुटपाथच्या दगडावर. पत्रकांचा गठ्ठा रस्ताभर उडाला. एक जण म्हणाला, मागून पोलिसांची गाडी येत होती. दुसरा म्हणाला, गाडीनं धक्का दिला. लालबागला पोचेपर्यंत ते पोलिसांनी उडवलं असं झालं. कुणी मुद्दाम खोटं बोललं नाही. त्या दिवसांत गोळ्या चालत होत्या, अश्रुधुरानं डोळे चुरचुरत होते, माणसं खरंच मरत होती. दुसरं काही कुणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं.

प्रेतयात्रेला रस्ता पुरला नाही. अनसूयाबाई रडल्या नाहीत. लोक त्यांच्या पाया पडत होते आणि त्या बसून होत्या.

फटफटी चार जणांनी हातगाडीवर घालून आणली आणि शेडपुढं ठेवली. पुढचं चाक आणि हँडल एकीकडे, बाकीचं धूड एकीकडे. नळी सांध्याशेजारी सरळ तुटली होती. सगळे स्मशानात असताना मिस्त्रींनी मला खिडकीतून हाक मारली. "वयनी, हयसर येवा."

त्यांनी तुटलेलं तोंड फडक्यानं पुसून उन्हाकडं धरलं. नळीच्या गोलाचा निम्म्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला. उरलेला चकचकीत.

"काळा दिसता ता जुना," ते म्हणाले. "चमाकता ता आजचा."

मी वाकून बघितलं.

"सांदो तुटाक नाय. सांद्याच्या बाजूक आदीच चीर होती. निवांतपणी वाजवलंय आसतंय तर बोलली आसती." मग बराच वेळ ते नळीचं तोंड पुसत राहिले. "मी हात वर केलंय तो त्यांका गप करूक. माका आयकाक येवक नाय, वयनी."

ती केसाएवढी रेघ मला तेव्हा सांगता आली असती. ओठांवर आली होती. पण त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आत्ता नको. मग तो 'आत्ता' कधी संपलाच नाही.

तेराव्यानंतर मिस्त्री माझ्याकडे आले. राखेनं हात घासून आले होते, जेवायची वेळ नसताना. म्हणाले, "माझ्यावांगडा येशात? एकटो गेलंय तर माका बोलूक येवचा नाय." मी गेले आणि अनसूयाबाईंच्या दाराशी बसले. खोलीत अनंतचा फोटो, त्याला हार, खाली समई. अनसूयाबाई तांदूळ निवडत होत्या. मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं आलात. गाडी पुन्हा उभी करा. महादेव चालवंल. आनि मोडलेला सांगाडा टाकू नका. तो मी जिन्यापाशी भिंतीला लावणार हाय. पोलिसांनी काय केलं ते येनाऱ्या-जानाऱ्याला दिसू दे."

मिस्त्री म्हणाले, "बाये, पोलिसांनी नाय." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. नियम मोडला ते. आवाज न ऐकता गाडी दिली ते. नळीचं काळं तोंड. त्यांना एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तुमी सांगशात ता करतंय. पोलिसात जातंय. चाळीत सांगतंय. तुमी माका मारा."

अनसूयाबाईंचा हात सुपात तसाच थांबला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दाराबाहेर कुणी आहे का पाहिलं.

"त्या दिवशी सकाळी तो न जेवता निघाला," त्या हळू बोलल्या. "मी भाकरी थापत व्हते. मी त्याला म्हनलं, जा, मर त्या फटफटीवर. हे कुनाला ठावं न्हाई. त्यानं वळून बघितलं आनि गेला." त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. "पोलिसांनी मारला म्हनून मी दोन घास खाते, मिस्त्री. न्हाईतर तो माझ्याच तोंडानं मेला."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"त्या दिवशी तुमाला ऐकू आलं न्हाई ना?" त्या म्हणाल्या. "आज मला आलं न्हाई. जावा आता. गाडी करा."

मिस्त्री उठले. चपला घातल्या आणि शेडकडे गेले.

बाजार उघडल्यावर त्यांनी कुर्ल्याला तीन खेपा घातल्या आणि तशीच एक फ्रेम शोधून आणली. माझ्याकडून करवंट्या नेल्या. टाकी, बैठक, पुढचं चाक धरणारा चिमटा, चाकं, सगळं जुन्या फ्रेमवरून उतरवलं. दोन माणसांनी दोरी लावून इंजिन उचललं आणि नव्या फ्रेममध्ये ठेवलं. या वेळी कुणाला गप्प बसायला सांगावं लागलं नाही. हुतात्म्याची गाडी म्हणून माणसं अंगणातून जाताना चपला हातात घेत. मी दोरा धरला. तो सरळ होता. मी टाकीखालची नळी दोन्ही बाजूंनी नीट बघितली, पुन्हा बघितली. मिस्त्रींनी पाना वाजवला. आवाज नितळ होता आणि बराच वेळ टिकला. सगळे ऐकत होते. मिस्त्रींचे डोळे मात्र भिंतीकडे होते. तिथं मोडलेल्या फ्रेमला खिळे ठोकून झाले होते.

मी माझ्या करवंट्या गोळा करत होते, तेव्हा त्यांनी मला नव्या फ्रेमवर कोरलेला नंबर बोटानं दाखवला. जुना वेगळा होता. "फटफटीचो नंबर फ्रेमीवर आसता, वयनी. इंजिन बदला, चाका बदला, फटफटी तीच. फ्रेम बदललास की दुसरी." मग हळूच म्हणाले, "महादेव चालयतलो ती दुसरी. अनंताची भिंतीर आसा."

त्यानंतर त्यांनी फ्रेमचं काम घेतलं नाही. टायर, चेन, ब्रेक एवढंच. दर वर्षी अनंतच्या दिवशी भिंतीवरच्या फ्रेमला हार पडायचा, कुणी तरी भाषण करायचं, पोलिसांच्या नावानं शिव्या व्हायच्या. मिस्त्री सगळ्यांच्या मागे उभे असायचे. अनसूयाबाई त्यांच्याकडे कधी बघायच्या नाहीत. पण खानावळीतलं ताट रोज त्यांच्या शेडमध्ये पाठवायला लागल्या होत्या. ते ताट ते रोज रिकामं करून परत द्यायचे. तेवढ्या वर्षांत ते निम्मे झाले.

मग राज्य झालं. त्या दिवशी चाळीत पणत्या, पेढे, ढोल. भिंतीवरच्या फ्रेमला झेंडूचा हा एवढा हार. अंगणात टेबल मांडून सभा. अनसूयाबाईंना खुर्चीवर बसवलेलं. त्यांना साडी-नारळ देऊन झालं आणि अचानक मिस्त्रींचं नाव पुकारलं. हुतात्म्याची गाडी पुन्हा उभी करणारा माणूस म्हणून शाल आणि नारळ. मिस्त्री नको नको म्हणत होते, पण दोघांनी दंडाला धरून पुढं आणलं. शाल घातली. कुणी तरी म्हणालं, "मिस्त्री, दोन शब्द बोला."

मी बायकांत मागे बसले होते. मिस्त्रींनी अनसूयाबाईंकडे पाहिलं. मग फ्रेमकडे. त्यांचं तोंड उघडलं. ते बोलणार, हे मला कळलं. काय बोलणार तेही कळलं. अनसूयाबाईंनाही कळलं असणार, कारण त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पण माणसं कुजबुजत होती, मुलं पळत होती, ढोलवाला चामडं तापवत होता. म्हणून मिस्त्रींनी उजवा हात वर केला.

आणि अंगण पुन्हा उसळलं. त्या दिवशीसारखंच. आता 'झालाच पाहिजे' नव्हतं, जयजयकार होता. ढोल सुरू झाला. कुणी गुलाल उधळला. मिस्त्रींचा हात वरच होता, गुलालानं लाल. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. एक शब्द ऐकू आला नाही. मग हात खाली आला. या वेळी ते हसले नाहीत.

ते शेवटचे दिसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मी दूध तापवत होते. रात्रभर नाचून माणसं झोपलेली, गिरण्यांना सुट्टी, नळ अजून यायचे होते. दुपारी दोन वाजता असायची त्याहून जास्त शांतता. मिस्त्री पत्र्याची पेटी घेऊन शेडमधून निघाले. भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची असणार. जिन्यापाशी आले, पेटी खाली ठेवली. झेंडूचा हार एका बाजूला केला. खिशातून पाना काढला.

समोरचं दार किलकिलं झालं. अनसूयाबाई हातात तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, पण थांबले नाहीत. तुटलेल्या नळीवर त्यांनी पाना एकदा वाजवला आणि मान वाकडी करून ऐकत राहिले.

आवाज बद्द होता. चिरेच्या मडक्यासारखा. तिघांनीही ऐकला.

मिस्त्रींनी मान हलवली, उशिरा का होईना कुणी तरी उत्तर दिल्यासारखी. पाना त्यांनी तिथंच, फ्रेमच्या आडव्या नळीवर ठेवला, हार होता तसा केला आणि पेटी उचलली. माझ्या खिडकीसमोरून जाताना म्हणाले, "येतंय, वयनी."

मी गज धरून उभी होते. ती केसाएवढी रेघ सांगायला तोंड उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. काही आवाज नव्हता. ते फाटकातून बाहेर पडून दिसेनासे होईपर्यंत माझं तोंड उघडंच होतं, आणि मागे दूध उतू जात होतं.